गोळीबंद खर्ज

जुन्या नाट्यसंगीताच्या रसिकांकडे गळ्याची तारीफ करायला एक खास शब्द असे : गोळीबंद. मोठा, गोड किंवा भरदार आवाज यांहून ही जात वेगळी. गोळीबंद आवाज नेमक्या क्षणी सुटतो, लागायचा तिथे लागतो आणि मागे काही सांडून ठेवत नाही. वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रित केलेली वाद्ये आणि गळे एकत्र बसवण्याच्या कामात, म्हणजे मिक्सिंगमध्ये, खालच्या स्वरांकडून हीच अपेक्षा असते. किक ड्रम, बेस गिटार, डग्गा, सिंथचा खालचा स्वर ही सगळी साधारण २५० हर्ट्झच्या खाली राहणारी मंडळी. त्यांच्या वस्तीला स्टुडिओत ‘लो एंड’ म्हणतात. आपण खर्ज म्हणू. या खर्जाबद्दल दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. ‘बेस कमी पडतोय’ ही एक आणि ‘बेस ढिला वाटतोय’ ही दुसरी. नवखा माणूस दोन्हींवर एकच औषध देतो : बेसचे बटण उजवीकडे फिरवतो. पहिली तक्रार त्याने मिटते. दुसरी उलट वाढते, कारण ढिला खर्ज हा बहुतेक वेळा उशिरापर्यंत रेंगाळणारा खर्ज असतो. इक्वलायझर (स्टुडिओतला ‘इक्यू’) आणि कॉम्प्रेसर ही खर्ज आवळण्याची दोन मुख्य हत्यारे. पहिले ‘सूर उजळवणारे’ आणि दुसरे ‘आवाज दाबणारे’ अशा ओळखीने ती शिकवली जातात. या प्रकरणाचा दावा असा, की खर्जापुरती ती दोन्ही वेळेची हत्यारे आहेत आणि तशी वापरली तरच कामाला येतात.

सुरुवात साध्या हिशेबाने करू. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे सेकंदाला ४१ आंदोलने. एका आंदोलनाला २४ मिलिसेकंद लागतात आणि हवेत त्याची लांबी आठ मीटरहून अधिक भरते. आता मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीतले गाणे घ्या. एका ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. तेवढ्या वेळात १,००० हर्ट्झचा स्वर १२५ आंदोलने पूर्ण करतो. बेसची ही तार जेमतेम पाच. पाच आंदोलनांत तिला जन्मायचे, आपला सूर सांगायचा आणि जागा मोकळी करायची असते. वरच्या पट्टीतल्या वाद्याने दोन-चार आंदोलने जास्त घेतली तर कोणाला पत्ताही लागत नाही. खालच्या तारेने दोन जास्त घेतली की ती पुढच्या स्वराच्या घरात जवळजवळ निम्म्यापर्यंत शिरलेली असते. खर्जाची वेळ महाग असते ती यामुळे. लयीचा कणा म्हणून आपण ज्यांच्यावर विसंबतो, तेच स्वर निसर्गतः सर्वांत संथ आहेत, आणि मिक्सिंगमधली निम्मी डोकेदुखी या विसंगतीतून येते.

कानाची घडण ही अडचण आणखी वाढवते. एबरहार्ट झ्विकर यांनी १९६१ मध्ये श्रवणक्षेत्राचे २४ पट्ट्यांत विभाजन मांडले. एकाच पट्टीत पडणारे दोन आवाज कान नीट वेगळे काढू शकत नाही. त्या विभाजनात सर्वांत खालची पट्टी १०० हर्ट्झपर्यंत जाते. बेस गिटारच्या चारही मोकळ्या तारा, ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या, तिच्यात मावतात आणि किक ड्रमचा गाभाही तिथेच बसतो. नंतरच्या मोजमापांनी खालच्या पट्ट्या याहून अरुंद धरल्या. तरी ५५ ची तार आणि ६० ची किक यांची गर्दी काही सुटत नाही. त्यात दुसरे एक निरीक्षण मिळवा. वेगल आणि लेन या अमेरिकी संशोधकांनी १९२४ मध्ये दाखवून दिले, की खालचा जोरदार स्वर आपल्या वरच्या स्वरांना झाकतो तितका वरचा स्वर खालच्याला झाकत नाही. झाकण खालून वर पसरते. म्हणून रेंगाळणारा खर्ज स्वतःपुरता ढिला राहत नाही. गायकाच्या आवाजाची ऊब, गिटारचे अंग, तबल्याच्या दायाँचा खालचा भाग या सगळ्यांवर तो पांघरूण घालतो. ‘गाणे धूसर वाटते’ अशी तक्रार आली की अनेकजण वरचे स्वर चढवायला घेतात, आणि दोष मात्र तळाशी तसाच बसलेला असतो.

खर्ज वेळेवर थांबवणे हे केवळ यंत्रयुगाचे शहाणपण नव्हे. तबल्यावर डग्ग्याचे बोल खुले आणि बंद अशा दोन जातींचे असतात. ‘गे’ खुला : तळहाताचा मागचा भाग पुडीवर टेकलेला, बोटांचा आघात आणि मागून येणारा घुमारा. ‘के’ बंद : हात पुडीवर पडतो तो तिथेच राहतो, घुमाऱ्याला जन्मच मिळत नाही. तीनतालाच्या ठेक्यात खालीचा भाग आला की ‘धिं’चे ‘तिं’ होते, म्हणजे डग्गा गप्प बसतो. दायाँ चालूच असते, लय चालूच असते, पण तळ काढून घेतल्याबरोबर आपण आवर्तनात कुठे आहोत हे श्रोत्याला समजते. पुन्हा घुमारा आला की सम जवळ आल्याची चाहूल लागते. इथे आवर्तनाचा नकाशा खर्जाच्या असण्याइतकाच त्याच्या नसण्याने आखला जातो. डग्गा सगळ्या मात्रांवर सारखाच घुमत राहिला तर ठेका जास्त भरदार होणार नाही. तो ओळखूच येणार नाही. चांगला तबलजी मनगटाने जे करतो, तेच मिक्सिंग करणाऱ्याला बटणांनी करायचे असते.

दुसरा दाखला डेट्रॉइटचा. मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने तार छेडत, तारा तुटेपर्यंत बदलत नसत, आणि त्यांच्या फेंडर प्रिसिजन बेसच्या ब्रिजवरच्या झाकणाखाली स्पंजची पट्टी तारांना चिकटून असे. जुन्या तारेची चमक गेलेली असते आणि स्पंज तिची आस तोडतो. परिणामी प्रत्येक स्वर ठसठशीत लागे आणि चटकन विझे. म्हणूनच इतक्या चपळ, वळणावळणांच्या बेसच्या ओळी ढोल, पियानो, तंबोरीन आणि कोरस यांच्या दाटीतही स्पष्ट ऐकू येतात. इथे एक आक्षेप आपोआप येतो : खर्ज वादकाच्या हातात आणि स्पंजाच्या तुकड्यात आवळता येत असेल, तर इक्यू आणि कॉम्प्रेसरचे देव्हारे कशाला? आक्षेपात बरेच तथ्य आहे. वाद्याची निवड, स्वररचना आणि वादन यांत सुटणारा प्रश्न मिक्सिंगवर ढकलू नये. किक आणि बेस दोघांनी एकाच क्षणी एकाच सुरात लांब स्वर धरायचा, असे संगीतकारानेच लिहिले असेल तर कोणतेही यंत्र त्यांना समाधानकारकपणे वेगळे करू शकत नाही. पण मिक्सिंगला येणारे ट्रॅक वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या दिवशी, पुष्कळदा एकमेकांना न ऐकता तयार झालेले असतात. मोटाउनचे वादक एकाच खोलीत एकमेकांच्या आस तोडण्यावर कान ठेवून होते. तो करार जिथे झालेलाच नाही, तिथे तो मागाहून घडवून आणावा लागतो.

त्या काळात आणखी एक शिस्तपालक होता : तबकडी. खालच्या स्वरांना तबकडीवर रुंद, नागमोडी खाच लागते. जास्त खर्ज म्हणजे वाजण्याची मिनिटे कमी, शेजारच्या खाचेशी टक्कर किंवा उडणारी सुई. म्हणून कापताना खर्ज कमी करायचा आणि वाजवताना तितकाच परत वाढवायचा अशी पद्धत पडली. १९५० च्या दशकात रूढ झालेल्या आरआयएए प्रमाणानुसार २० हर्ट्झचा स्वर १,००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबलने खाली कापला जातो. या बंधनामुळे खर्ज खरोखरच कमी पडत असे. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’साठी बेसचा आवाज वाढवायचा म्हणून लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमरिक यांनी लाउडस्पीकरच उलटा जोडून मायक्रोफोनसारखा वापरला. तेव्हाची तक्रार ‘कमी पडतोय’ ही होती आणि तिच्यावर वाढवणे हाच उपाय होता. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि सुई गेली. नंतर संगणकावर ट्रॅकची संख्या अमर्याद झाली, तळाचा स्वर हवा तितका खोल आणि लांब करता येऊ लागला. माध्यम आता कोणालाच अडवत नाही. आजची तक्रार बहुधा दुसरी असते ती यामुळे, आणि उपाय मात्र अजून पहिल्या तक्रारीचाच दिला जातो.

आता इक्यूकडे येऊ. एखाद्या पट्टीतला आवाज वाढवणे किंवा घटवणे एवढीच इक्यूची ओळख आपल्याला असते. पण खर्जात एखादी पट्टी अकारण का उठून दिसते? बहुतेक वेळा तिथे काहीतरी घुमत असते : ड्रमचे लाकडी अंग, गिटारची पेटी, ध्वनिमुद्रणाची खोली. भौतिकशास्त्रात याला अनुस्पंदन म्हणतात आणि त्याचा एक अटळ नियम आहे. अनुस्पंदन जितके अरुंद पट्टीत, तितका त्याचा घुमारा लांब. या टोकदारपणाला ‘क्यू’ या आकड्याने मोजतात, आणि घुमारा ६० डेसिबलने विझायला लागणारा काळ साधारण २.२ गुणिले क्यू भागिले वारंवारिता इतका असतो. ८० हर्ट्झवर क्यू ८ असेल तर हा काळ ०.२२ सेकंद, आपल्या १२० च्या लयीत तो पाव ठोक्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. क्यू २ वर आला तर तोच काळ ५५ मिलिसेकंदांवर येतो. म्हणजे आलेखावर जो उंचवटा दिसतो तोच घड्याळावर शेपटीसारखा लांबतो; दोन्ही एकाच गोष्टीची दोन रूपे. त्या उंचवट्याच्या नेमक्या उलट आकाराचा खड्डा साध्या इक्यूने पाडला की घुमाऱ्याची लांबीही तुटते. जेमर्सनच्या स्पंजाने जे केले तेच इथे एका पट्टीपुरते होते. मिक्सिंग करणारे अरुंद पट्टी चढवून सूर सरकवत नेतात, जिथे आवाज गुरगुरतो तिथे थांबतात आणि चढवलेले तिथेच उतरवतात, ते यासाठी.

याच नियमाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. खर्जात अरुंद पट्टी चढवणे म्हणजे स्वतःच्या हाताने नवे अनुस्पंदन तयार करणे. किकला ‘वजन’ द्यायचे म्हणून ६० हर्ट्झवर टोकदार चढण दिली की किक थोडी मोठी होते आणि बरीच लांब होते. ऐकणाऱ्याला वजन आले असे क्षणभर वाटते. दोन मिनिटांनी सगळे गाणे ओल्या मातीतून चालल्यासारखे वाटू लागते. म्हणून जाणकार खर्ज चढवताना रुंद, सौम्य उतार वापरतात आणि घटवताना हवे तर टोकदार होतात. १९५० च्या दशकातल्या पल्टेक इक्वलायझरला आजही मान आहे तो याच रुंद उतारांमुळे. खालच्या पट्टीत चढवणे आणि घटवणे त्यात एकाच वेळी करता येते. दोन्ही उतार एकमेकांवर तंतोतंत बसत नसल्याने तळ थोडा वर येतो आणि त्याच्या वरचा दोनशे-तीनशेच्या आसपासचा चिखल थोडा उतरतो. हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक रेषेखालचे सगळे गाळून टाकणारी चाळणी, हिलाही हाच नियम लागू आहे. फार तीव्र कापाची चाळणी आपल्या रेषेजवळ स्वतःच किंचित घुमते.

इथे दुसरा आक्षेप. किक आणि बेस सोडून बाकी सर्व ट्रॅकवर ८० किंवा १०० हर्ट्झला सरसकट चाळणी लावा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मग ती का लावू नये? गिटार, गळा, टाळ्या यांच्या ट्रॅकमध्ये खाली पंख्याची घरघर आणि माइक-स्टँडचा धक्का असतो, तो काढण्यात गैर काही नाही. पण सरसकटपणाचा नमुना आपल्या संगीतात लगेच उघडा पडतो. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा; त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याला, ६९ च्या आसपास. तयार साच्याने ८० ची चाळणी लावली की जिच्यावर सगळे गाणे टेकलेले आहे त्या तारेचा मूळ स्वरच पातळ होतो. तिथे तानपुरा हेच बेसचे वाद्य आहे आणि त्याचे सलग राहणे हाच त्याचा धर्म आहे. कोणी थांबायचे आणि कोणी चालू राहायचे हे आधी ठरवावे लागते. आकडा मागाहून येतो. किक खाली आणि बेस तिच्या वर, की बेस खाली आणि किक वर, हा निर्णयही गाण्यागणिक बदलतो. दोघांना तळमजल्यावर एकत्र राहू दिले तर मात्र भांडण ठरलेले.

काही जण म्हणतील, हा सगळा खटाटोप मोबाइलवर ऐकणाऱ्यांच्या काळात व्यर्थ आहे. त्या इवल्याशा स्पीकरमधून ६० हर्ट्झ बाहेरच पडत नाही. पण कान मूळ स्वरावाचूनही सूर ओळखतो. जुन्या टेलिफोनची वाहिनी ३०० ते ३,४०० हर्ट्झची. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर त्याच्या बऱ्याच खाली, शंभरच्या आसपास. तरी फोनवर वडिलांचा आवाज आईसारखा वाटत नाही. उपस्वरांच्या, म्हणजे मूळ स्वराच्या पटींत येणाऱ्या वरच्या स्वरांच्या, मधल्या अंतरावरून मेंदू गैरहजर मूळ स्वर जागेवर बसवतो. हा प्रश्न ऑगस्ट झीबेक यांनी १८४० च्या दशकात सायरनच्या प्रयोगांतून पुढे आणला होता. मोबाइलवर बेस ऐकू येतो तो या मार्गाने, म्हणून ५० हर्ट्झ कितीही चढवले तरी तिथे फरक पडत नाही. १५० ते ८०० च्या पट्टीतले उपस्वर मोकळे केले तर पडतो. किकच्या बाबतीत पेडलच्या गादीचा ‘टक्’ याहूनही वर, दोन ते चार हजारांत असतो. ढोल-ताशा पथकातही मांडणी अशीच आहे. ढोल छातीला भिडतो, पण त्याच्या ठोक्याची कड कानाला मिळते ती टिपरूच्या आघातातून आणि ताशाच्या काड्यांतून. खर्जाची सुरुवात कुठे झाली हे खर्ज स्वतः सांगू शकत नाही, कारण तो संथ आहे. ते काम वरच्या स्वरांना करावे लागते.

प्रमाणावर विसंबू नये याचे आणखी एक कारण कानाच्या मोजमापात सापडते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की सगळे स्वर सारखे मोठे वाटण्यासाठी त्यांना सारखी ताकद पुरत नाही, आणि हा फरक आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. आजच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबल स्वराइतका मोठा वाटण्यासाठी ५० हर्ट्झला सुमारे ७८ डेसिबल लागतात, म्हणजे ३८ जास्त. तोच स्वर ८० डेसिबलचा असेल तर ही तफावत २२ च्या आसपास उतरते. गाणे मोठ्याने लावले की बेस आपोआप वाढल्यासारखा आणि हळू लावले की गायब झाल्यासारखा वाटतो तो यामुळे. त्यात खोलीची भर पडते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला भिंतींमध्ये उभी लहर तयार होते. भिंतीशी बसलात तर बेस दुप्पट, मधोमध बसलात तर नाहीसा. मिक्सिंग करणाऱ्याने ठरवलेले खर्जाचे प्रमाण अशा रीतीने प्रत्येक घरात, प्रत्येक पातळीला वेगळे होते. स्वर केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला हे त्यामानाने पुष्कळ टिकते. खोली आपली शेपूट जोडते हे मान्य. पण मुळात तोडलेल्या स्वराला जोडलेली शेपूट आणि मुळात लांबलेल्या स्वराला जोडलेली शेपूट यांत फरक राहतोच. एक सावधगिरी मात्र हवी. घुमारा रेकॉर्डिंगमधला आहे की आपल्या ऐकण्याच्या खोलीतला, हे हेडफोनवर तपासल्याशिवाय कापायला घेऊ नये. नाहीतर स्वतःच्या भिंतीची शिक्षा गाण्याला होते.

कॉम्प्रेसर उघडपणे वेळेचे यंत्र आहे, तरी त्याच्याकडे पाहताना लक्ष जाते ते थ्रेशोल्ड आणि रेशो या प्रमाणाच्या बटणांकडे. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबल आणि रेशो ४:१ असेल, तर उणे ८ वर आलेला स्वर मर्यादेच्या १२ वर जातो. त्या १२ चे ३ होतात आणि स्वर उणे १७ वर बाहेर पडतो. हिशेब सोपा. खर्जाचे भवितव्य मात्र उरलेल्या दोन बटणांवर ठरते : दाब किती वेळाने बसायचा तो अटॅक आणि किती वेळाने सुटायचा तो रिलीज. किकवर अटॅक २० ते ३० मिलिसेकंद ठेवला तर गादीचा टक् दाबाखाली न येता निसटतो आणि मागचे अंग दबते. दाब शेपूट मरेपर्यंत राहावा आणि पुढच्या ठोक्याआधी सुटावा. १२० च्या लयीत दर ठोक्याला किक असेल तर त्यासाठी ५०० मिलिसेकंदांचीच जागा असते. आता उलटे करा : अटॅक अतिजलद, रिलीज अतिजलद, आणि दबलेला आवाज भरून काढायला एकूण पातळी चढवा. ठोक्याचे तोंड चेपले जाते, शेपूट विझत असताना दाब सुटून ती वर उचलली जाते. खर्ज आवळायला आणलेल्या यंत्राने खर्ज सैल होतो, आणि मीटरवर सगळे सपाट दिसत असल्याने चूक लक्षातही येत नाही.

बेससाठी आणखी एक मर्यादा आहे, आणि ती पुन्हा आंदोलनाच्या लांबीतूनच येते. ४१ हर्ट्झचे आंदोलन २४ मिलिसेकंदांचे. कॉम्प्रेसर याहून चपळाईने बसू-सुटू लागला तर तो स्वराच्या चढउताराऐवजी लहरीच्याच चढउतारामागे धावतो आणि तिचा आकार मोडतो. याला विकृती म्हणतात. थोडी असेल तर उपस्वर वाढवून मदत करते, जास्त झाली की बेस खरखरतो. १९६० च्या दशकातला एलए-२ए हा कॉम्प्रेसर बेसवर अजूनही मनापासून वापरला जातो त्याचे रहस्य इथे आहे. त्यात प्रकाशावर चालणारी एक संवेदक पेशी दाब ठरवते. दाब सुमारे १० मिलिसेकंदांत बसतो, निम्मा साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला कित्येक सेकंद घेत हळूहळू. बेसच्या संथ चालीशी ही सवय जुळते. १९६७ चा ११७६ याच्या उलट : त्याचा अटॅक मिलिसेकंदाच्या अंशात. त्याने टोके छाटायची आणि मग संथ यंत्राने पातळी सावरायची, अशी जोडीही लावली जाते. पातळी सावरली की मोठा फायदा मिळतो. काही स्वर उड्या मारत असतील तर मंद स्वर ऐकू यावेत म्हणून सगळाच बेस चढवावा लागतो. सगळे स्वर एका उंचीचे झाले की एकूण बेस खाली ठेवूनही प्रत्येक स्वर पोहोचतो.

तिसरी युक्ती दोघांच्या भांडणावर आहे. साइडचेन म्हणजे एका वाद्याच्या इशाऱ्यावर दुसऱ्याला दाबणे : किक वाजली की बेस दोन-तीन डेसिबल खाली जातो आणि पन्नास-शंभर मिलिसेकंदांत परत येतो. एकाच पट्टीत राहणाऱ्या दोघांना इक्यू जागा वाटून देतो. साइडचेन पाळ्या लावून देतो. हीच युक्ती अतिरेकाने केली की सगळे गाणे श्वास घेतल्यासारखे वर-खाली होते. एरिक प्रिड्झच्या २००४ मधल्या ‘कॉल ऑन मी’त ती हेतुपुरस्सर ऐकवली आहे. तिथे ती अलंकार आहे. नेहमीच्या मिक्समध्ये ती ऐकू आली तर जास्त झाली असे समजावे. बेसचा वायरीतून घेतलेला आणि अँप्लिफायरसमोरच्या माइकवरचा असे दोन ट्रॅक असतील तर वेळेचा आणखी एक हिशेब आधी मिटवावा लागतो. माइक एक मीटर दूर असेल तर त्याचा आवाज सुमारे ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि १७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही ट्रॅक एकमेकांना खोडतात. हे खोडणे इक्यूने भरून निघत नाही; ट्रॅक सरकवावा लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप सौंदर्याचा आहे : एवढे छाटून, दाबून, पाळ्या लावून वादनातला जीव जातो. जातो, हे कबूल करायला हवे. गेल्या काही दशकांत मोठ्या आवाजाच्या स्पर्धेत कित्येक रेकॉर्ड सपाट झाल्या. पण तिथे दाब प्रमाणासाठी वापरला गेला, दोन गाण्यांत कोणते मोठे वाजते यासाठी. त्यावरचा इलाज सोपा आहे. कॉम्प्रेसरनंतरची आणि आधीची पातळी समान करून मगच तुलना करावी. मोठे ते चांगले वाटण्याचा कानाचा भ्रम मग उरत नाही, आणि अर्ध्याहून अधिक दाब अनावश्यक होता हे कळते. राहिला प्रश्न लांब खर्ज हाच ज्याचा प्राण आहे त्या संगीताचा. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ यंत्रातली लांब घुमणारी किक हिपहॉपने आपलीशी केली; तिची शेपूट तोडणे म्हणजे गाणे तोडणे. हा दाखला आपल्या दाव्याला छेद देतो असे वरकरणी वाटेल. पण चांगल्या गाण्यात ८०८ ची शेपूट सुरात लावलेली असते, तिच्या खाली दुसरा बेस सहसा नसतो आणि ती पुढच्या ठोक्याच्या तोंडाशी नेमकी संपते. खर्ज आखूडच हवा असा आग्रह कुठेच नाही. त्याचा शेवट ठरवलेला असावा, एवढेच. ठरवलेला लांब स्वर गोळीबंद असू शकतो. विसरून राहिलेला आखूड स्वरही ढिला वाटतो.

यातून कामाचा क्रम आपोआप निघतो. आधी बेस आणि किक दोघांनाच वाजवून, स्वरांच्या सुरुवातीकडे दुर्लक्ष करून, त्यांचे शेवट ऐकावेत. जो स्वर वाजवतानाच लांबला आहे तो सरळ कात्रीने तोडावा. तिथे यंत्र नको. मग जे घुमते ते इक्यूने कापावे, मग कॉम्प्रेसरने चालीला वळण लावावे, आणि बेसचे बटण उजवीकडे फिरवायचा मोह शेवटपर्यंत राखून ठेवावा. त्यानंतर गाणे अगदी हळू आवाजात लावून पाहावे. खर्ज तेव्हा कानाला जवळजवळ नाहीसा होतो, पण ठेका चालत राहिला, खाली कुठे आणि सम कुठे हे समजत राहिले, तर काम झाले. पुष्कळदा त्या बटणाला हात लावायची वेळच येत नाही. डग्ग्यावर टेकलेल्या तबलजीच्या मनगटाला हे शिकवावे लागत नाही. घुमारा सोडायचा कधी आणि गिळायचा कधी, हे त्याने बोल शिकतानाच शिकलेले असते.